तीनशेच्या पुढे

४०० मीटरच्या शर्यतीत दुसरा कर्व्ह संपून शेवटचा स्ट्रेट लागतो, तोवर सगळ्यांचाच वेग उतरणीला लागलेला असतो. पहिल्या येणारीचासुद्धा. बघणाऱ्यांना वाटतं, तिने शेवटी काय जोर मारला! पण घड्याळ लावून पाहिलं तर तीही मंदावलेलीच असते; बाकीच्या तिच्याहून जास्त मंदावलेल्या असतात. कॉलेजात असताना आमच्या कोच सरांनी हे सांगितलं, तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागला. स्वतः पळत होते तेव्हाही, बी.पी.एड. करतानाही आणि आता शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून मुलींना पळवतानाही. थकवा तर येणारच. मग त्यात कमी मंदावायचं कसं?

मी अंबरपेठची. ६ नंबरच्या स्टॉपला उतरून आत चालत गेलं की आमचं घर. आजोबा निजामाच्या काळात उदगीरहून नोकरीसाठी हैदराबादला आले, आधी काचीगुड्यात राहिले आणि मग त्यांनी इकडे जागा घेतली. घरात मराठी, शेजारी तेलुगू आणि रस्त्यावर दखनी असंच आम्ही वाढलो. पळायला लागले ती इथल्या म्युनिसिपल ग्राउंडवर. पहाटे साडेपाचला तिथे चालणारे आजी-आजोबा असतात, सहानंतर क्रिकेटवाले येतात, त्यामुळे पळणाऱ्यांना मिळतो तो मधला अर्धा-पाऊण तास. सर रेल्वेतून निवृत्त झालेले, तरुणपणी स्वतः ४०० पळलेले. स्कूटरच्या पायाशी फक्कीची पिशवी ठेवून यायचे आणि स्वतःच्या हाताने रेघा मारायचे. मैदानाच्या कडेने जेमतेम दोनशे मीटरची फेरी निघायची. म्हणजे चारशेला दोन फेऱ्या, आणि वळणं इतकी तोकडी की दर वळणाला शरीर आत ओढावं लागायचं. खऱ्या ट्रॅकवर गेलो की कर्व्ह रुंद आणि सोपे वाटायचे, हा त्याचा फायदा.

आता तीनशेच्या पुढे नेमकं काय होतं ते सांगते. पहिली खूण कानाला कळते. ताज्या पायांचा आवाज आखूड आणि कोरडा असतो, टक टक. थकलेला पाय जमिनीवर जास्त वेळ राहतो आणि आवाज थप थप होतो. मग गुडघे वर येईनासे होतात. मी उचलतेय असं वाटत असतं, पण व्हिडिओत बघावं तर मांडी निम्मीच उचललेली असते. टाचा कुल्ल्यांपर्यंत जात नाहीत, पावलं आखडतात. त्याच वेळी हात छातीसमोर आडवे फिरायला लागतात, खांदे कानांकडे सरकतात, मान मागे जाते. मैदानावरच्या भाषेत ‘लॅक्टिक चढलं’ किंवा ‘बॉडी लॉक झाली’. खरी कळ मात्र रेघ ओलांडल्यावर दोन-तीन मिनिटांनी येते, मांड्यांच्या मागे आणि कुल्ल्यांत. बसवत नाही, आडवं होववत नाही, उभं राहावं तर पाय थरथरतात. कुणाकुणाला उलटी होते. पहिल्यांदा बघणारी आई घाबरून धावत येते. जुनी आई लांबूनच पाण्याची बाटली दाखवते.

१०० मीटरलाही हे चुकत नाही. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांचा विक्रम केला. त्यात ६० ते ८० मीटरचा टप्पा त्याने १.६१ सेकंदांत काढला आणि शेवटच्या २० मीटरला त्याला १.६६ सेकंद लागले. जगात सर्वांत वेगाने पळलेला माणूसही शेवटी हळू झाला, हे मुलींना सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. थकवा म्हणजे आपली कमतरता, असा त्यांचा समज असतो. तो आधी काढावा लागतो.

शरीराचा हिशेब असा आहे. स्नायूंत तयार असलेली शक्ती पूर्ण जोराने पळताना एक-दोन सेकंदांत संपते. तिची भरपाई करायला क्रिएटिन फॉस्फेट असतं, ते साधारण आठ-दहा सेकंद साथ देतं. मग साठवलेली साखर ऑक्सिजनशिवाय झपाट्याने मोडली जाते. त्यातून शक्ती मिळते, पण स्नायूच्या आतली आम्लता वाढते आणि क्रिएटिन फॉस्फेट मोडून सुटलेलं फॉस्फेटही साचतं. या दोन्हींमुळे स्नायूचे धागे एकमेकांना पूर्वीसारखे खेचू शकत नाहीत. मेंदूकडून येणारा हुकूमही ढिला पडतो. ४०० मीटरमध्ये हे सगळं एकाच मिनिटात होतं. लॅक्टिकला मात्र उगाच शिव्या पडतात. लॅक्टेट हृदय आणि इतर स्नायू जळण म्हणून वापरतात आणि तासाभरात रक्तातलं प्रमाण मूळ पातळीवर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतात, त्याचा लॅक्टिकशी संबंध नाही. ते स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेचं दुखणं असतं. पालक विचारतात, ‘मालिश करून लॅक्टिक काढायचं का?’ मालिशने बरं वाटत असेल तर जरूर करावी. लॅक्टिक तोवर कधीच गेलेलं असतं.

हे सगळं समजून घेण्याच्या आधी सरांनी आम्हाला फक्त घड्याळ दाखवलं होतं. माझं २०० मीटरचं चांगलं टायमिंग साडेसत्तावीस सेकंदांच्या आसपास होतं. सर म्हणायचे, चारशेत पहिले दोनशे २९ ला आण. अठ्ठावीसला आणशील तर शेवटी भीक मागशील, तीसला आणशील तर पुढच्या पोरी हाती लागणार नाहीत. ऐकायला सोपं आहे. पण गोळी सुटल्यावर अंगात जोश असतो आणि २८ आणि २९ मधला फरक शरीराला कळतच नाही. तो कळावा म्हणून आम्ही महिनोन् महिने दोनशेच्या रिपीटेशन केल्या. सर शेवटच्या रेघेपाशी उभे राहायचे, शंभरच्या ठरलेल्या वेळेला एकदा आणि दोनशेच्या ठरलेल्या वेळेला एकदा शिट्टी वाजवायचे. मी कुठे पोचले असताना शिट्टी वाजली, त्यावरून मला उमगायचं की मी आधी आले की उशिरा. मग त्यांनी शिट्टी बंद केली आणि पळून झाल्यावर मलाच विचारायला लागले, ‘कित्ता आया बोलो?’ मी सांगायचे, मग घड्याळ दाखवायचे. अंदाज अर्ध्या सेकंदाच्या आत यायला लागला, तेव्हा कुठे चारशेची खरी तयारी सुरू झाली.

मायकेल जॉन्सनने १९९९ मध्ये सेव्हिलला ४३.१८ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा त्याचे पहिले दोनशे २१.२२ आणि दुसरे २१.९६ सेकंदांत झाले होते. दोन अर्ध्यांत पाऊण सेकंदाचा फरक. आमच्यासारख्या कॉलेजच्या पोरींचा फरक तीन-चार सेकंदांचा असायचा. सरांचं सगळं शिकवणं हा फरक कमी करण्यासाठी होतं.

पण जपून पळण्याचीही एक किंमत असते, आणि तिचं उदाहरण आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. रोम ऑलिम्पिक, १९६०. मिल्खा सिंग चौथे आले, ४५.६ सेकंदांत. तिसऱ्या आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या माल्कम स्पेन्सची वेळ होती ४५.५. मिल्खांनी नंतर अनेकदा सांगितलं की अडीचशेच्या सुमारास आपण फार वेगाने पळतोय असं वाटून त्यांनी वेग थोडा आवरला. त्यांनी मागे वळून पाहिल्याची कथाही सांगतात, म्हणून लोक या गोष्टीतून मागे वळून न बघण्याचा बोध घेतात. सर वेगळं सांगायचे. तिसऱ्या शंभरात तुटलेली लय पुन्हा जुळत नाही. कारण ती जुळवायला जी ताकद लागते तीच तिथे संपत आलेली असते. म्हणून आवरायचं तर पहिल्या दोनशेत, आणि तेही ठरवून. दोनशेच्या पुढे आवरणं नाही. तिथे वेग वाढवल्यासारखं पळलं तरच तो आहे तेवढा टिकतो.

आता अंगाच्या ताठरपणाबद्दल. माझा शेवटचा स्ट्रेट सुधारला तो पायांमुळे कमी आणि हातांमुळे जास्त. मी दात घट्ट आवळून पळायचे. सर कर्व्हच्या आतून ओरडायचे, ‘दांतां कायकू चबारे अम्मा? दांतों से भागते क्या?’ पण ओरडून जबडा सुटत नाही. मग एके दिवशी त्यांनी चहाच्या हॉटेलातून उस्मानिया बिस्किटांचा पुडा आणला. दोन्ही हातांत अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये एक-एक बिस्किट धरायचं, दीडशे मीटर पळायचं आणि ते शाबूत परत आणायचं. आणलं तर खायचं. उस्मानिया बिस्किट किती ठिसूळ असतं ते हैदराबादच्या माणसाला सांगायला नको. पहिल्या रिपीटेशनला सगळ्यांची बिस्किटं टिकली. दुसरीला दोघींचा भुगा झाला. तिसरीला मी शंभरपर्यंत नीट होते. मग मांड्या भरून आल्या आणि बोटं कधी आवळली गेली ते कळलंच नाही. शेवटच्या रेघेवर तळहाताला तुपकट चुरा लागलेला होता.

त्या चुऱ्याने मला दाखवलं की थकवा आधी मुठीत शिरतो. मूठ आवळली की मनगट ते कोपर घट्ट होतं, मग खांदा, मग मान, मग जबडा. खांदे वर गेले की हाताचा झोका तोकडा होतो आणि हातापायांची लय एकमेकांना बांधलेली असल्यामुळे पाऊलही तोकडं पडतं. शिवाय ज्या स्नायूंचं पळण्यात काहीच काम नाही, तेही शक्ती खात राहतात. पुढे शर्यतीत शेवटच्या शंभराला मी दोनच गोष्टी मनात ठेवायचे. कोपर मागे न्यायचं आणि गाल सैल सोडायचे. गाल पावलागणिक हलले पाहिजेत. हलत नसतील तर जबडा आवळलेला आहे. फोटोत चेहरा वेडाबिद्रा दिसतो, त्याला इलाज नाही. आज मीही ग्राउंडवरच्या माझ्या गटातल्या मुलींना बिस्किटं देते. पूर्वी पुडा हुंगायला बसलेल्या कुत्र्यांपासून लपवावा लागायचा, आता मोबाइलवर रील काढणाऱ्या पोरांपासून.

सरावाचे आठवड्याचे तीन भाग असायचे. एका दिवशी फक्त वेग. तीस, चाळीस, साठ मीटर, आणि मध्ये भरपूर विश्रांती. क्रिएटिन फॉस्फेट बऱ्यापैकी भरून यायला तीन ते पाच मिनिटं लागतात, म्हणून एवढ्याशा पळण्यानंतर एवढा वेळ का थांबायचं, हा बघ्यांचा प्रश्न आम्ही सोडून द्यायचो. कमाल वेग वाढला की २९ सेकंदांचे दोनशे तुलनेने हलके पडतात, हा त्यामागचा विचार. दुसऱ्या दिवशी गवतावर सत्तर-पंचाहत्तर टक्के जोराने लांब रिपीटेशन, कमी विश्रांतीच्या. चारशेतली बरीच शक्ती, काही मोजमापांनुसार चाळीस टक्क्यांच्या आसपास, ऑक्सिजनवरच मिळते, त्यामुळे दम हवाच. आणि तिसरा दिवस, ज्याची आदल्या रात्रीपासून धास्ती वाटायची, तो तीनशेचा. शर्यतीच्या वेगाने तीनशे, मग बारा-पंधरा मिनिटं विश्रांती, पुन्हा तीनशे. दुसऱ्या तीनशेचे शेवटचे साठ-सत्तर मीटर म्हणजे शर्यतीतली तीच जागा. तिथे शरीराला हेच शिकवायचं की आम्लता वाढली तरी आकार बिघडवायचा नाही. आकार बिघडला की सर रिपीटेशन मध्येच थांबवायचे. वाकडंतिकडं पळून पूर्ण करण्याला त्यांच्याकडे किंमत नव्हती.

पावसाळ्यात ग्राउंडवर चिखल व्हायचा. मग आम्ही विद्यानगरकडून उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात जायचो. तिथे झाडीतून जाणारे चढाचे रस्ते आहेत. साठ-सत्तर मीटर चढ पळायचा आणि चालत उतरायचं. चढावर वेग कमी असतो, त्यामुळे मागच्या मांडीला लचक भरण्याची भीती कमी आणि मांड्या-कुल्ल्यांना काम मात्र भरपूर. थकलेल्या पायांनी पूर्ण वेगात पळताना मागची मांडीच सगळ्यात आधी दगा देते. तिच्यासाठी जोडीने एक व्यायाम करायचो. एकीने सतरंजीवर गुडघे टेकून उभं राहायचं, दुसरीने तिचे घोटे घट्ट धरायचे, आणि पहिलीने गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून शक्य तितकं हळू पुढे झुकत जायचं. पहिल्या आठवड्यात सगळ्याच धपकन हातांवर पडतात आणि दुसऱ्या दिवशी लंगडतात. हळूहळू पडणं लांबतं. हा व्यायाम नियमाने केल्यावर आमच्या गटात मागची मांडी धरून बसणाऱ्या मुली खूपच कमी झाल्या.

मोठ्या स्पर्धा गच्चीबावलीला असायच्या. २००२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आणि २००३ च्या अ‍ॅफ्रो-एशियन गेम्समुळे तिथे सिंथेटिक ट्रॅक आला होता. अंबरपेठहून कोठीला जाऊन बस बदलायची, शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. मातीवर सराव केलेल्या पायांना सिंथेटिक आधी फार आवडतं. जमीन पाय परत फेकते, वेळ आपोआप सुधारते. दुसऱ्या दिवशी मात्र पोटऱ्या दगडासारख्या होतात. म्हणून स्पर्धा रविवारी असेल तर आदल्या दोन आठवड्यांत थोडं थोडं पळून पायांना तिथली सवय करावी लागते. ज्यांना जाण्या-येण्याचा खर्च आणि वेळ परवडत नाही त्यांना हे जमत नाही, आणि थकव्याच्या गणितात हीही बाब धरायला हवी.

एकाच दिवशी सकाळी हीट, दुपारी फायनल आणि सगळ्यात शेवटी ४ बाय ४०० रिले. अशा दिवशी पळण्याइतकंच मधल्या वेळात काय करतो याला महत्त्व असतं. हीट संपली की आडवं पडायची ओढ असते, पण दहा-पंधरा मिनिटं चालत आणि हळू जॉगिंग करत राहायचं. त्याने रक्ताभिसरण चालू राहतं आणि लॅक्टेट लवकर ओसरतं. मग स्पाइक्स काढून सावलीत. स्टँडच्या तापलेल्या सिमेंटवर बसायचं नाही. मानेवर ओला रुमाल. आई दशम्या आणि गूळ द्यायची. अर्धी दशमी आणि केळं, सोबत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. बरोबरच्या मुली डब्यातला दहीभात पोटभर खायच्या आणि फायनलच्या वॉर्मअपला जांभया द्यायच्या. फायनलच्या आधीचा वॉर्मअप सकाळच्या निम्मा पुरतो, कारण हैदराबादच्या उन्हात अंग तापवायला फार काही करावं लागत नाही. थकव्यातून असं सावरणं किती मोलाचं, त्याचं एक उदाहरण. हॅंगझोच्या एशियन गेम्समध्ये २०२३ साली आपल्या हैदराबादच्या नंदिनी अगसराने हेप्टॅथलॉनमध्ये ब्राँझ घेतलं. सात प्रकार, दोन दिवस, आणि शेवटी ८०० मीटर. चौथ्या आलेल्या स्वप्ना बर्मनपेक्षा चार गुण जास्त. दोन दिवसांच्या थकव्यातून काढलेले ते चार गुण आहेत, असं मी मुलींना सांगते.

गोळा येणं हा वेगळा प्रकार. पोटरीत गोळा आला की चारी बाजूंनी सल्ले येतात, मीठ द्या, केळं द्या, जोरात चोळा. त्या क्षणी उपयोगी पडतो तो ताण. पाय सरळ ठेवून चवडा आपल्याकडे ओढायचा आणि गोळा सुटेपर्यंत धरून ठेवायचा. घाम आणि मिठाचा त्यात वाटा असू शकतो, पण दमलेल्या स्नायूला आखडण्याचे हुकूम जास्त आणि सैल होण्याचे कमी मिळायला लागतात, हे कारण अधिक महत्त्वाचं मानलं जातं. म्हणून गोळा बहुधा स्पर्धेतच येतो, सरावाहून जास्त जोर लावल्यावर.

एका हंगामात माझं सगळं ठीक चाललेलं असूनही दुसरं तीनशे कोसळायला लागलं. पहिलं नेहमीसारखं, दुसऱ्यात दोनशेलाच पाय संपायचे. सर म्हणाले, सराव कमी करू. केला, फरक पडला नाही. शेवटी बाबांनी रक्त तपासून घेतलं तर हिमोग्लोबिन नऊच्या घरात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं आहे. तेव्हा मैदानावर येणाऱ्या मुलींत तो असणारच. छोटी स्प्रिंट त्याने फारशी अडत नाही. दोन रिपीटेशनच्या मधली भरपाई मात्र ऑक्सिजनवर चालते, ती अडते. आजीने खजूर आणि गुळाचा मारा केला, पण उपयोग झाला तो डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांचा. गोळी आणि चहा एकत्र घ्यायचा नाही, कारण चहाने लोह नीट शोषलं जात नाही. सराव संपल्याबरोबर इराणी चहा प्यायची आमची पद्धत होती, ती मला मोडावी लागली. आता गटात नवीन मुलगी आली की आधी तिची रक्ततपासणी करून घेते. पालकांना पहिल्यांदा विचित्र वाटतं.

हल्ली ग्राउंडवर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुलीही दिसतात. अंबरपेठच्या पोलीस मैदानावर शारीरिक चाचण्या होतात, त्यामुळे जिल्ह्यांतून आलेली कितीतरी पोरं आसपास खोल्या घेऊन राहतात. मुलांना १६०० मीटर सव्वासात मिनिटांत काढायचे असतात. ते स्प्रिंट नव्हे, पण दुखणं तेच. पहिल्या फेरीला सगळे शंभर मीटरच्या शर्यतीसारखे सुटतात आणि तिसऱ्या फेरीला कंबरेवर हात ठेवून चालतात. ‘अक्का, शेवटी पाय उचलतच नाहीत, काय खाऊ?’ असं तेलुगूत विचारतात. मी त्यांना खाण्याचं काही सांगत नाही. पहिली फेरी किती सेकंदांत काढलीस, हे विचारते. बहुतेकांना ते माहीत नसतं. घड्याळ हातात दिलं की निम्मं काम होतं.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये पॅरिस पॅरालिम्पिकची टी-२०, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या धावपटूंच्या गटाची ४०० मीटर फायनल आम्ही मोबाइलवर पाहिली. वरंगल जिल्ह्यातल्या कल्लेड गावची दीप्ती जीवनजी त्यात होती. त्याच वर्षी मे महिन्यात कोबेला तिने ५५.०७ सेकंदांचा जागतिक विक्रम केला होता, आणि पॅरिसला हीटमध्ये तुर्कीच्या आयसेल ओन्डरने तो मोडला. फायनलमध्ये युक्रेनची युलिया शुलियार पहिली, ओन्डर दुसरी, दीप्ती ५५.८२ सेकंदांत तिसरी. तिघी मिळून पाऊण सेकंदाच्या आत. आम्ही ती शर्यत पुन्हा पुन्हा लावली आणि प्रत्येक वेळी शेवटच्या स्ट्रेटला थांबवून तिघींचे खांदे पाहिले. आमच्यातल्या एका मुलीने न सांगता ओळखलं की कुणाचा हात कुठल्या पावलाला आडवा जायला लागला.

ती आणि तिची मैत्रीण, दोघी येत्या हंगामात आंतरमहाविद्यालयीन ४०० पळणार आहेत. एक मराठी, मला ताई म्हणते. दुसरी तेलुगू, अक्का म्हणते. दोघींचं सध्या पटत नाही. पहिली म्हणते, पहिले दोनशे मोजूनच काढायचे. दुसरीला वाटतं की मागे राहून पळलं तर पुढची पाठ बघूनच मन खचतं, त्यापेक्षा सुरुवातीलाच पुढे जावं आणि शेवटी जे व्हायचं ते होऊ द्यावं. तिच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. पुढे असलेल्या धावपटूचा आकार कधीकधी उशिरा मोडतो, कारण तिला कुणाचा पाठलाग करायचा नसतो. म्हणून या रविवारी दोघींनाही दोन्ही तऱ्हेने तीनशे पळवणार आहे, मध्ये वीस मिनिटं विश्रांती देऊन. पहिली जोरात सुटेल, दुसरी मोजून, मग उलट. दर शंभराला वेळ घ्यायला दोन मुली उभ्या करायच्या आहेत, आणि शेवटच्या साठ मीटरचा व्हिडिओ बाजूने काढायचा आहे. शेवटच्या शंभरात जिच्या सेकंदांत ज्या पद्धतीने कमी घसरण दिसेल, ती पद्धत तिच्यापुरती ठरेल. दोघींची एकच ठरेल असं मला वाटत नाही.